डोंगरवाटेची शिदोरी आणि पावलांचा हिशेब

पायी चालण्याचे आपल्या समाजाला कधी वावडे नव्हते. सांगावा न्यायचा तो पायी, बाजार करायचा तो पायी आणि हक्क मागायला जायचे तेही पायीच. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली ११ नोव्हेंबर १९७९ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून निघालेला लाँग मार्च आमच्या पिढीने पाहिला नाही, वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला. ऐन थंडीत दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर अशी ती चाल होती, खडकपूर्णा नदीच्या पुलावर अडवले जाईपर्यंत. त्या वेळी आपला हिंगोली भाग परभणी जिल्ह्यात होता. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव १४ जानेवारी १९९४ ला मिळाले.

अलीकडे आमच्याकडे येणारी तरुण मुले-मुली मात्र वेगळीच वाट विचारतात. कोणी हिंगोलीच्या कॉलेजात शिकते, कोणी पोलीस भरतीची तयारी करते, कोणी दुकानात कामाला आहे. त्यांना कळसूबाई चढायची असते, हरिश्चंद्रगड गाठायचा असतो. एखाद्याच्या डोळ्यासमोर थेट हिमालय असतो. आम्हाला याचा आनंदच आहे. शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यातली, समाजकल्याणच्या निवासी शाळेत शिकणारी पूर्णा मालावत तेरा वर्षांची असताना, २५ मे २०१४ रोजी, एव्हरेस्टवर पोचली. आपली मुलेमुली मागे का राहावीत? पण हे तरुण बुटांबद्दल विचारतात, पाठपिशवीबद्दल विचारतात, मोबाइलला रेंज असेल का हे तर आधी विचारतात. तिसऱ्या दिवशी दुपारी काय खायचे, हे सहसा कोणी विचारत नाही. म्हणून हा लेख.

मोर्चा किंवा पदयात्रा रस्त्याने जाते. वाटेत वस्ती लागते, विहार लागतो, कोणीतरी भाकरी घेऊन उभे असते, पाय सुजला तर जीपमध्ये बसवता येते. रानातली वाट तशी नसते. तिथे दोन गावांच्या मध्ये एक दिवस, कधी दीड दिवस जातो, आणि त्या काळात तुमच्या पाठीवर जे आहे तेवढेच तुमचे. कमी नेले तर उपाशी राहाल, जास्त नेले तर ओझ्याने पाय मोडतील. शिदोरी आणि वेग हे एकाच वहीचे जमाखर्च आहेत, आणि आम्ही वाणिज्य शाखेचे असल्यामुळे आम्हाला ते तसेच मांडणे सोपे जाते.

या विषयाचा सर्वांत जुना उल्लेख आम्हाला माहीत आहे तो विनयपिटकातला आहे, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. महावग्गात मेंडक गृहपतीची हकीकत येते. तथागत चारिकेवर असताना भद्दिय नगराच्या या गृहस्थाने भिक्खूंच्या वाटखर्चीचा प्रश्न काढला. जिथे पाणी थोडे, खाणे थोडे, अशा रानवाटा शिदोरीशिवाय ओलांडणे कठीण असते. तेव्हा भगवंतांनी अशा वाटेसाठी पाथेय मिळवण्याची परवानगी दिली. त्यात तांदूळ, मूग, उडीद, मीठ, गूळ, तेल आणि तूप अशी सात नावे आहेत. आजच्या आहारतज्ज्ञाला पाच दिवसांच्या जंगलवाटेची यादी करायला सांगा. पिष्ट, प्रथिने, मीठ, साखर आणि स्निग्ध पदार्थ हे सगळे या सात नावांत येते. आणखी एक गोष्ट आम्हाला त्यात फार मोलाची वाटते. ज्याला तांदळाची गरज त्याने तांदूळ घ्यावा, ज्याला मुगाची गरज त्याने मूग घ्यावा, असा तो नियम आहे. सर्वांना एकाच मापाने मोजलेले नाही.

आता प्रत्यक्ष वाटेकडे येऊ. आमच्या तरुणांसाठी आम्ही सुचवतो ती पाच दिवसांची चाल अकोले तालुक्यातली, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरातली. रेल्वेने नाशिक, तिथून घोटीमार्गे बारी. पहिल्या दिवशी बारीहून कळसूबाई. हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. जड पिशव्या खाली गावात ठेवून फक्त पाणी आणि खाऊ घेऊन वर जायचे आणि उतरून यायचे. दुसऱ्या दिवशी भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या कडेकडेने रतनवाडी. ही चाल लांब पण सपाटीची, थकलेल्या गुडघ्यांना बरी. तिसऱ्या दिवशी रतनगड. चौथ्या दिवशी कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत, आणि पाचव्या दिवशी पाचनईहून हरिश्चंद्रगड. रतनवाडी सोडल्यापासून कुमशेत दिसेपर्यंतचा टप्पा खरा रानाचा. तिथे स्थानिक वाटाड्या घ्यावाच. पैसे वाचवायचे तर पाकीटबंद खाण्यात वाचवावेत, वाटाड्यात नव्हे. वनखात्याच्या चौकीवर नोंद करावी, मुक्काम कुठे चालतो ते तिथेच विचारावे आणि रानात काटक्यांची चूल पेटवू नये. हंगाम नोव्हेंबर ते जानेवारीचा. एप्रिल-मेमध्ये वरची टाकी आणि झरे आटतात, आणि पावसाळ्यात नवख्यांनी त्या खिंडीचे नावही काढू नये.

आता वही उघडू. सहा-सात तास डोंगर चढणाऱ्या-उतरणाऱ्या, पाठीवर दहा किलो घेतलेल्या तरुणाला दिवसाला तीन हजार ते साडेतीन हजार कॅलरी लागतात. बारीक चणीच्या मुलीला पाचशे कमी धरा, त्याहून कमी नाही. हे किती वजनात बसते? आमच्या हिशेबाने एका माणसाला एका दिवसासाठी दीडशे ग्रॅम तांदूळ, पाऊणशे ग्रॅम मुगाची डाळ, शंभर ग्रॅम सातूचे पीठ, शंभर ग्रॅम शेंगदाणे, पाऊणशे ग्रॅम गूळ, पन्नास ग्रॅम फुटाणे, तीस ग्रॅम सुके खोबरे, चाळीस ग्रॅम तेल-तूप, पंचवीस ग्रॅम दुधाची भुकटी आणि पन्नास ग्रॅम चिवडा किंवा बिस्किटे. बेरीज ६९५ ग्रॅम, कॅलरी साधारण ३१००. म्हणजे माणशी रोज सातशे ग्रॅम. पाच दिवसांचे साडेतीन किलो, आणि एक दिवस राखीव धरला तर चार किलो दोनशे ग्रॅम. आठ जणांचा गट असेल तर चौतीस किलोच्या आतबाहेर.

हा आकडा ऐकून मुले दचकतात. त्यांच्या मनात असते की बिस्किटांचे पुडे आणि मॅगी घेतली की झाले. पण मॅगीला आणि बिस्किटाला आमचा विरोध नाही, त्यांच्या भरवशावर राहण्याला आहे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, सुक्या खोबऱ्यात त्याहून थोड्या जास्त, तेला-तुपात नऊशेपर्यंत. जे थोड्या वजनात जास्त बळ देते ते पाठीवर परवडते. काकडी, टोमॅटो, संत्री ही पाण्याची ओझी. ती पहिल्या दिवशी खाऊन मोकळे व्हावे.

आपल्या मराठवाड्याच्या घरात या कामाचे काय नाही? धपाटे आणि दशम्या पहिल्या दोन दिवसांसाठी. त्या जड असतात, म्हणून आधी संपवायच्या. शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, मेतकूट. ज्वारीच्या लाह्या वजनाला हलक्या, पण जागा फार खातात, म्हणून त्यांचे पीठ करून न्यावे. येसर तर या कामासाठीच जन्माला आले म्हणायचे. भाजून दळलेले असते, उकळत्या पाण्यात टाकले की पाच मिनिटांत आमटी. थंडीच्या रात्री गरम येसर पोटात गेले की पोरे गाणी म्हणू लागतात, हे आम्ही पाहिले आहे. सातूचे पीठ गुळाच्या पाण्यात कालवले की चूलही लागत नाही. याचा फायदा असा की रेल्वेतून गॅसची नळकांडी नेण्यास बंदी आहे. ती तिकडे मिळतीलच याचा भरवसा नसेल तर निदान दोन दिवसांचे खाणे न शिजवता खाता येईल असे असावे. आणि कोणतीही वस्तू पहिल्यांदा डोंगरावर खाऊन पाहू नये. घरी खाऊन, दोन तास चालून, पोट काय म्हणते ते बघावे.

मांस खाणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. आपले आजी-आजोबा मांसाच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवत, त्यांना चान्या म्हणत. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या खाद्यपरंपरेवर शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ मध्ये लिहिले, त्यात आपल्या अशा खाण्याची नोंद झाली आहे. मृत जनावराचे मांस खाणे बाबासाहेबांच्या सांगण्यावरून आपल्या लोकांनी निर्धाराने सोडले, ते योग्यच झाले. पण वाळवण्याची ती विद्या हीन नव्हती. उत्तर अमेरिकेतले आदिवासी वाळवलेले मांस कुटून चरबीत मिसळत, त्याला पेमिकन म्हणतात, आणि गोऱ्या साहेबांच्या ध्रुवावरच्या मोहिमा त्याच्याच बळावर चालल्या. तेव्हा बोकडाच्या मांसाच्या पट्ट्या हळद-मीठ लावून खडखडीत वाळवून किंवा सुकट भाजून नेण्यात कोणी लाजू नये. घरमालकाच्या स्वयंपाकघराचा मान राखून, ती बाहेर आपल्या भांड्यात शिजवावी, एवढेच.

ध्रुवाचा विषय निघालाच आहे. नॉर्वेचा अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ ला दक्षिण ध्रुवावर पोचला, इंग्रज कॅप्टन स्कॉट १७ जानेवारी १९१२ ला. अमुंडसेनने वाटेवर खाण्याचे साठे भरपूर, गरजेपेक्षा जास्त ठेवले होते. हवा चांगली असली, अंगात जोर असला, तरी तो ठरलेल्या टप्प्याच्या फार पुढे जात नसे. स्कॉटच्या माणसांनी स्वतः घसरगाड्या ओढल्या. त्या मेहनतीला त्यांचा रोजचा शिधा पुरा पडत नव्हता. परतीच्या वाटेवर पाचही जण गेले. शेवटचे तिघे तंबूत मरण पावले तेव्हा त्यांचा मोठा साठा अवघा अठरा किलोमीटरवर होता. धाडसात ते कुणाला हार जाणारे नव्हते. रोज होणारी तूट मात्र साठत गेली.

तूट कशी साठते ते आपल्या शरीरात पाहा. स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा असतो, तो फार तर चारशे-पाचशे ग्रॅमचा. सकाळी चहा-बिस्किटावर निघालेला गडी अकरा वाजता एकदम बसतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, चिडचिड होते. लोक म्हणतात दम नाही. खरे म्हणजे कोठार रिकामे झालेले असते. म्हणून निघण्यापूर्वी पोटभर नाश्ता, आणि नंतर दर तासाला मूठभर फुटाणे-शेंगदाणे-गूळ, भूक लागो न लागो. दुपारी मोठे जेवण घेऊन झाडाखाली आडवे व्हायचे ही शेतातली सवय डोंगरावर आवरावी. उठल्यावर पाय उचलत नाहीत.

इथे पुन्हा भिक्खूसंघाकडे पाहावे. २०२३ च्या जानेवारीत थायलंडचे शंभराहून अधिक भिक्खू आपल्या शेजारच्या परभणीहून पायी निघाले आणि फेब्रुवारीत मुंबईच्या चैत्यभूमीवर पोचले. सुमारे ५७० किलोमीटर, महिनाभराची चाल, म्हणजे सरासरी रोजचे एकोणीस किलोमीटर. थेरवादी भिक्खू दुपारनंतर जेवत नाहीत. शिजवलेले, चावून खायचे ते सगळे मध्यान्हाच्या आत. पण विनयात आजारासाठी तूप, लोणी, तेल, मध आणि गुळाची काकवी या पाच भेसज्जांची सवलत आहे, ती सात दिवसांपर्यंत जवळ ठेवता येतात, आणि फळांचे गाळलेले रसही चालतात. आम्ही मुलांना रात्रीचे जेवण सोडायला सांगत नाही. पण दिवसाच्या खाण्याचा मोठा वाटा दुपारी एकच्या आत पोटात जावा आणि मोठा चढ सकाळीच संपावा, हे त्या शिस्तीतून घेण्यासारखे आहे. दुपारनंतर पातळ आणि गोड असे काही घेत राहावे.

वेगाचे गणित स्कॉटलंडच्या नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडून ठेवले आहे. सपाटीवर तासाला पाच किलोमीटर धरा आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास मिळवा. बारीहून कळसूबाईचा चढ आठशे-नऊशे मीटरांचा. या हिशेबाने पावणेतीन तास येतात. पण तो साहेब एकटा, सडा आणि सरावाचा होता. आठ जणांच्या नवख्या गटाने त्यात निम्म्याने भर घालावी, म्हणजे चार-सव्वाचार तास. आमचा अनुभव याच्या आसपासच आहे. डांबरी रस्त्यावर एकोणीस-वीस किलोमीटर जमतात म्हणून खिंडीतही जमतील असे समजू नये. ओझे घेऊन दहा-बारा झाले तरी दिवस सार्थकी लागला. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तीन वाजता जिथे असाल तिथून मुक्काम दिसत नसेल तर पुढचा चढ घ्यायचा नाही, असा ठराव निघण्यापूर्वीच करावा. वाटेत मतदान घेऊ नये.

चालताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. धाप लागून शब्द तुटत असतील तर वेग जास्त आहे. पन्नास मिनिटे चाल आणि दहा मिनिटे थांबा, ही फौजेतली जुनी रीत चांगली आहे. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवावे. आमच्या एका गटात भरतीची तयारी करणारे दोन पोरगे सारखे पुढे पळायचे, बाकीच्यांची वाट पाहत बसायचे, आणि मागचे पोचले की लगेच उठून चालू लागायचे. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज जास्त त्याला ती मिळायचीच नाही. आम्ही त्या दोघांच्या पिशवीत डाळ-तांदूळ आणि भांडी भरली. वेग आपोआप सारखा झाला.

ओझ्याचे वाटप करताना सगळ्यांना सारखे हा न्याय चालत नाही. पंचेचाळीस किलोच्या मुलीला बारा किलो आणि सत्तर किलोच्या मुलालाही बारा किलो, ही समता नव्हे. अंगाच्या वजनाचा पाचवा हिस्सा हे साधारण माप धरावे. पण खाण्याच्या वाटपात उलटी चूक होते, तिकडे आम्ही डोळ्यांत तेल घालून पाहतो. आपल्या घरांत आजही आई आणि मुलगी शेवटी जेवतात. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसून आले. घरची ही सवय मुली डोंगरावरही घेऊन येतात. वाढायला पुढे होतात आणि स्वतःच्या ताटात चमचाभर घेतात. एका मुक्कामावर आम्ही एका मुलीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “सर, मला इतकं लागत नाही.” दुसऱ्या दिवशी चढावर तिला चक्कर आली. तेव्हापासून शिधा माणशी पिशव्यांत बांधून ज्याचा त्याच्या हाती देतो. गुळा-शेंगदाण्याची पिशवी संध्याकाळी रिकामी दाखवायची. मुलींनी जाण्याच्या दोन-तीन महिने आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि गोळ्या लागल्या तर त्या सुरू कराव्यात. पाळीची तारीख त्या पाच दिवसांत येत असेल तर त्याची तयारी मोकळेपणाने बोलून करावी. त्यात लपवण्यासारखे काही नाही.

याहून महत्त्वाची तपासणी सिकलसेलची. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या आपल्या भागात आदिवासींबरोबर बौद्ध समाजातही हा आजार आढळतो. आई-वडिलांकडून येणारा तो रक्तदोष आहे, कोणाच्या वागण्याचा परिणाम नाही. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्याच्या तांबड्या पेशी पाणी कमी पडले, थंडी वाजली, प्राणवायू कमी झाला की विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य कळा सुरू होतात. अशा मुलाने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय अशा चालीला येऊ नये. जो नुसता वाहक आहे त्याला एरवी काही होत नाही, पण पाणी न पिता जीव तोडून चढणे त्याच्याही जिवावर बेतू शकते. सरकारी दवाखान्यात रक्ताच्या थेंबावर ही चाचणी होते, आणि जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियानही सुरू आहे. लग्न ठरवतानाच हे बघायचे असते असा समज आहे. पाठपिशवी भरण्याआधीही बघावे.

पाणी तासाला अर्धा लिटर धरावे, निघताना प्रत्येकाजवळ तीन लिटर. म्हणजे तीन किलो वजन आणखी. टाक्यांचे पाणी उकळून किंवा शुद्धीकरणाचे थेंब टाकून प्यावे. जुलाब झालेच तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. घाम फार गेला तर नुसते पाणी ढोसू नये, सोबत मिठाचे काही खावे. पाण्याचा असा हिशेब आपण करतो तो तब्येतीसाठी. आपल्या आधीच्या पिढीला तो वेगळ्याच कारणाने करावा लागे. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले असता दौलताबादच्या किल्ल्याशी थांबले. तिथल्या हौदाच्या पाण्याने हात-तोंड धुतले म्हणून गलका झाला, आणि किल्ला पाहताना कुठे पाण्याला स्पर्श होऊ नये यासाठी बरोबर हत्यारबंद शिपाई देण्यात आला. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. हरिश्चंद्रगडाच्या टाक्यावर ओंजळ भरणाऱ्या आमच्या मुलांना आम्ही हा प्रसंग सांगतो, मग काही वेळ कोणी बोलत नाही.

हिमालयात जाणाऱ्यांसाठी दोन वाक्ये. तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा पाचशे मीटरहून उंच नसावा आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावे. तिथे भूक मरते, म्हणून आवडीचे, गोड आणि पातळ खाणे जास्त न्यावे. डोके दुखून उलट्या होऊ लागल्या तर औषध शोधण्यापेक्षा खाली उतरणे आधी.

सराव आपल्या जिल्ह्यातच होतो. हिंगोलीहून औंढा पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. ते अंतर आधी रिकाम्या हाताने, मग पाठीवर पाच किलो ज्वारी घेऊन, मग आठ किलो. औंढ्याच्या डोंगरात चढ-उतार मिळतो, सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला दिवसभराची चाल होते. आठवड्यातून एक लांब चाल, अशी आठ आठवडे. नवे बूट याच चालीत फाटू द्यावेत. शेवटच्या दोन चालींत शिधाही नेमका डोंगरावरचाच खावा, म्हणजे सातशे ग्रॅम पुरतात की उरतात ते वहीत लिहिता येते.

आणि रतनवाडी, कुमशेत, पाचनई या गावांत मुक्काम असेल तर तिथल्या घरी आधी फोन करून जेवण सांगावे. ही बहुतेक महादेव कोळी आदिवासींची घरे आहेत. पिठले-भाकरी, भात, कधी नागलीची भाकरी मिळते. तेवढा शिधा पाठीवरून कमी होतो आणि त्या घराला चार पैसे मिळतात. त्यांनी सांगितलेला दर द्यावा, घासाघीस करू नये. राखीव दिवसाचा शिधा वापरावा लागला नाही, तर हिंगोलीला परत आणण्याऐवजी शेवटच्या घरी विचारून ठेवून यावा. गूळ आणि शेंगदाणे सहसा घेतात. येसर काय असते ते मात्र करून दाखवावे लागते.